त्रेचाळिसावं कार्ड

"रुमालात?" मी विचारलं. "त्यात काय पोळीभाजी आहे?"

दुकानाच्या पायरीवर उभा असलेला तो मुलगा असा काही ओशाळला, की मलाच क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. डिसेंबरातली कोरडी दुपार, नाकात धूळ, आणि हा बाबा हातात निळा नायलॉनचा रुमाल धरून, देवाचा प्रसाद आणल्यासारखा उभा.

"नाही जी. नेटवर्क कार्ड आहे. मेलं बहुतेक."

"नायलॉनमध्ये गुंडाळलं तर जिवंत असेल तेही मरेल. आणा इकडे."

मी हात पुढे केला, त्यानं रुमाल उलगडला, बोटाला बोट लागलं आणि... चट्ट! अशी ठिणगी उडाली की दोघांनीही हात मागे घेतले.

"बघितलंत? थंडीत अंगात साचते ती वीज. तुम्हाला नुसता चटका बसतो, चिपचा जीव जातो."

"मले वाटलं, पुण्यात गिऱ्हाइकाचं असंच स्वागत करत असतील," तो बोट चोळत म्हणाला. आणि हसला.

हसायला नको होतं त्यानं. माझं पुढचं सगळं त्या हसण्यामुळे बिघडलं.

माझं नाव सत्यशीला. पणजीचं नाव आहे. शाळेत सगळे हसायचे, आता कुणाची टाप नाही. कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी आमचं दुकान. आमच्या घरातले सगळे तांब्याची भांडी ठोकायचे. बापूरावांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, हातोडी टाकून रेडिओ दुरुस्ती धरली, आणि मी रेडिओ टाकून संगणक धरले. बाबा आता पुढच्या खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवतात. माझ्या स्टुलामागे त्यांचं काचेचं कपाट आहे, आत मेलेले सतरा रेडिओ. एकही विकू देत नाहीत.

मुलाचं नाव पियुष. वर्ध्याकडचा, आर्वीचा. विश्रांतवाडीत तिघांत मिळून एक खोली, आणि नोकरी एका ठेकेदाराकडे. वारज्यात ऑनलाइन परीक्षांचा सराव घेणारा एक क्लास आहे, तिथल्या बेचाळीस संगणकांचं नेट पेपर चालू असताना मधेच पडायचं. कार्डं जुनी होती, कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढलेली. त्यांच्या पोटातलं लिखाण, ज्याला आम्ही फर्मवेअर म्हणतो, तेही जुनं. ते बदललं की काम होणार होतं. यानं एका जादा कार्डावर नवीन फर्मवेअर घालून पाहिलं. कार्ड गप्प झालं ते झालंच.

"जुनं आधी काढून ठेवलं होतं?" मी विचारलं.

"काय काढून?"

बाबांनी कोड्यातून मान वर केली आणि परत खाली घातली. त्यांना पुढचं माहीत होतं. हे व्याख्यान मी प्रत्येकाला देते.

"आधी वाचायचं, मग लिहायचं," मी म्हटलं. "चिपवर चिमटा लावायचा, आतलं सगळं जसंच्या तसं काढून घ्यायचं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वाचनं जुळली तर खरं. मगच नवीन घालायचं. कारण प्रत्येक कार्डाचा एक पत्ता असतो, बारा अक्षरांचा, जगात दुसऱ्या कुणाचा नसतो तसा. तो त्या जुन्या लिखाणातच असतो. तुम्ही तो पुसलात. आता हे कार्ड म्हणजे नाव-गाव विसरलेला माणूस."

"मग दुसरं नाव देऊन टाका."

"खोटा पत्ता मी लिहीत नाही."

किती तोऱ्यात म्हणाले मी ते! आठवलं की अजून कान तापतात.

मी ते कार्ड पार कोरं केलं आणि खणात टाकलं. बाकीच्या बेचाळीसचं काम मात्र घेतलं. ठरलं असं, की क्लासची सकाळची बॅच सुटली की पियुष चार कार्डं काढून आणणार, मी ती करून देणार, आणि चारच्या आत तो ती परत बसवणार. दिवसाला चार. अकरा दिवसांत काम खलास.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तो हजर. कार्डं या वेळी नीट पिशवीत होती, आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा.

"हे काय?"

"गोरसपाक. वर्ध्याचा. आई पाठवते."

"मी गिऱ्हाइकाकडून काही घेत नाही."

"मी कुठं देऊन राहिलो? मी माझा खाईन, तुमी पाहा."

बाबांनी खुर्चीतून हात लांब केला. "मी घेतो गिऱ्हाइकाकडून." झालं, आमच्या दुकानाच्या अब्रूचा निकाल लागला. मीही एक घेतला. गाईच्या तुपातलं बिस्किट, तोंडात टाकलं की विरघळणारं. त्या दिवसापासून एका कार्डाला एक, असा हिशेबच पडून गेला.

टेबलापाशी बसायचं तर मनगटाला पट्टा बांधावा लागतो, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. पट्ट्याची तार टेबलाच्या तांब्याच्या खुंटीला, आणि खुंटी खाली अंगणात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला. बाबांनी मीठ-कोळसा घालून स्वतः पुरलाय तो. मी दुसरा पट्टा काढला आणि पियुषच्या मनगटाला बांधला. नीट बसेना. एक घर घट्ट, एक सैल. तो हात अगदी स्थिर धरून बसला होता, मुलगी मेंदी काढून घेताना बसते तसा.

"झालं," मी म्हटलं. माझा आवाज उगीचच बारीक आला.

"आता चटका नाही बसणार?"

"नाही."

"अरेरे," तो म्हणाला.

तर असं सुरू झालं. मी स्टुलावर, तो समोर, मधे टेबल. चिपवर चिमटा लावला की वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात. या दोन-तीन मिनिटांत काय करायचं? बोलायचं. आळीतून हातोड्यांचा ठोक-ठोक आवाज येत असायचा आणि तो आर्वीचं काहीबाही सांगायचा. आई एकटी असते. तिचे गुडघे दुखतात, पण शेवंतीचे वाफे सोडवत नाहीत. हा पोरगा तीन वर्षं नागपूरला बदली मागतोय, म्हणजे दर आठवड्याला घरी जाता येईल.

"मग देत का नाहीत बदली?"

"जागा खाली नाही म्हणतात. पुण्यात राहा म्हणतात, पुणे काय वाईट आहे."

"पुणे वाईट नाहीच."

"मी कुठं म्हटलं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहायचा तो, डोळ्यांची पापणी न हलवता. "आधी वाटायचं. आता नाही वाटून राहिलं."

स्क्रीनवर दोन वाचनं जुळल्याची हिरवी पट्टी आली. मी घाईघाईनं लिहायचं बटण दाबलं.

एकदा त्यानं विचारलं होतं, "चिपमध्ये शेवटी एवढं रिकामं काहून असतं?"

"लिखाण लहान, चिप मोठी. उरलेली जागा तशीच. तिथं काही लिहिलं तर कार्डाला पत्ताही लागत नाही. कुणी मुद्दाम वाचलं तरच दिसणार."

"असं," तो म्हणाला. मी विसरूनही गेले.

दहा कार्डं झाली. अकरावं लावलं, आणि माझ्या डोक्यात अचानक हिशेब आला... अजून बत्तीस. म्हणजे आठ दिवस. आठ दिवसांनी साडेबारा वाजतील आणि पायरीवर कुणीच नसेल.

दोन वाचनं झाली. हिरवी पट्टी आली. जुळलं होतं.

"नाही जुळलं," मी म्हणाले.

तोंडातून निघूनच गेलं! स्क्रीन माझ्याकडे होती, त्याला दिसायचा प्रश्न नव्हता. "चिमटा हलला असेल. पुन्हा वाचावं लागेल."

"वाचा ना जी," तो म्हणाला. "घाई कुणाले आहे?"

पुन्हा वाचलं. पुन्हा हिरवी. "नाही हो," मी म्हटलं, "अजून एकदा." त्या दिवशी चारऐवजी दोनच कार्डं झाली. दुसऱ्या दिवशीही दोनच. नंतर मी थंडीला दोष दिला, वायरला दोष दिला, वीज मंडळालाही सोडलं नाही. सत्यशीला नाव माझं, आणि रोज दुपारी साडेबारा ते तीन मी धडधडीत खोटं बोलत होते. का, तर तो माणूस आणखी अर्धा तास समोर बसावा म्हणून. बाबा एकदा कोड्यातूनच म्हणाले, "सत्या, तो चिमटा बदल. फारच हलतोय हल्ली." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नऊ कार्डं उरली होती. त्या दिवशी पियुष आला तो फोनवर बोलतच. "हाव आई... हाव. एक तारखेपासून. पण इथलं काम संपलं तरच... नाही तर ते दुसऱ्याले देतील." फोन ठेवून त्यानं पट्टा हातात घेतला. "नागपूरची जागा खाली झाली मॅडम. परवा संध्याकाळपर्यंत वारज्याचं काम पुरं दाखवलं, तर माझी."

तीन वर्षं वाट पाहिलेली जागा. त्याची आई, तिचे गुडघे. आणि मी इकडे हिरव्याला लाल म्हणत बसलेली. किती कोती, किती आपमतलबी झाले होते मी.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आत्ताच कळलं ना जी."

"नऊच्या नऊ उद्या घेऊन या. क्लासला सुट्टी द्यायला सांगा."

त्यानं हातातला पट्टा न बांधताच परत खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी अकराला बसले. नऊ कार्डं, अठरा वाचनं, अठराही जुळली, आणि प्रत्येक वेळी मी खरं तेच सांगितलं. "जुळलं." "जुळलं." "जुळलं." दर वेळी तो नुसती मान हलवायचा. त्या दिवशी गोरसपाक कुणी खाल्ला नाही. शेवटच्या कार्डावर पत्ता लिहून झाला तेव्हा मला स्क्रीन धूसर दिसायला लागली.

"चहा सांगून येते," म्हणून मी उठले. चौकापर्यंत गेले, चहा सांगितला, आणि बंद दुकानाच्या फळीला टेकून डोळे पुसले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. ठरवून आले होते, आता सगळं सांगून टाकायचं. खोटं बोलले, माफ करा, आणि का बोलले तेही. परत आले तर तो टेबलाशी, माझ्या बाजूला उभा. चिमटा हातात.

"आवरून ठेवून राहिलो," तो म्हणाला.

"असू दे. मी आवरते."

चहा आला. प्यायला. बाबा होते, चहावाला होता, आळीत ठोक-ठोक चालू होती. सांगायचं ते राहूनच गेलं. तो पायरी उतरला, वळला, हात पुढे केला. पट्टे आम्ही केव्हाच काढून ठेवले होते. हात हातात गेला आणि चट्ट!

"हे बरं झालं," तो म्हणाला. "जाताना मिळाला." मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाला, "खणातलं ते मेलेलं कार्ड असू द्या तुमच्याकडे. येतो मॅडम."

गेला.

एक जानेवारीला मेसेज आला, "पोचलो." मी काय पाठवावं? अंगठा! एक अक्षर लिहिता येत नसल्यासारखा अंगठा उठवला आणि दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. पुढे त्याचं काही आलं नाही. मीही काही लिहिलं नाही. कोणत्या तोंडानं लिहिणार? तो घरी पोचला होता, आईजवळ होता, सुखात होता. मी त्याचे दिवस चोरले होते, ते कळलं तर तो थुंकला असता माझ्यावर.

पण साडेबारा रोज वाजायचे हो! रोज मान पायरीकडे वळायची. दुसरा पट्टा खिळ्यावर लोंबत होता, त्याच्या मनगटाच्या घरावर अजून बकल लावलेलं. डब्यात एक गोरसपाक उरला होता. बाबांनी हात घातला तर मी ओरडले. त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. संक्रांत आली, गेली. वाटीभर तिळगूळ केला, आल्यागेल्याला दिला, आणि गोड बोला म्हणताना दर वेळी मला रडू यायचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक दिवस माझीच मला चीड आली. पुरे झालं! खण उघडला, ते मेलेलं कार्ड काढलं. यालाही काहीतरी पत्ता देऊ, चालू करू, विकून टाकू. डोळ्यांसमोर नको. एवढं खोटं बोलले, आणखी एक खोटा पत्ता लिहिला तर कुठे आभाळ कोसळणार आहे? पट्टा बांधला, चिमटा लावला, नवीन फर्मवेअर उघडलं, लिहायच्या बटणावर बोट नेलं.

"वाचलंस?" बाबा खुर्चीतून म्हणाले.

"कोरं आहे ते. मीच कोरं केलंय."

"मग वाचायला काय जातंय? कोरं तर कोरं."

"बाबा, उगाच..."

"नियम तुझा आहे, माझा नाही," आणि ते कोड्यात शिरले.

रागारागानं वाचायचं बटण दाबलं. तीन मिनिटं. उघडून पाहिलं, तर ओळीच्या ओळी कोऱ्या. खाली, खाली, आणखी खाली. कोरं. अगदी शेवटी, जिथं काहीच असायला नको, तिथं अक्षरं होती. इंग्रजी लिपीत, पण मराठी.

*मॅडम, हे वाचून राहिल्या असाल तर तुमी तुमचा नियम पाळला. तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत तुमची स्क्रीन दिसते. तुमी 'नाही जुळलं' म्हणायच्या आणि काचेत हिरवी पट्टी असायची. अकराव्या कार्डापासून पाहून राहिलो. मी बोललो नाही, कारण मलेही दोनच करायचे होते. काल तुमी एकदम नऊ आणायले सांगितले, तेव्हा समजलं की तुमी मले माझ्या आईसाठी सोडून राहिल्या. तोंडावर विचारलं असतं तर तुमी काहीतरी पुणेरी बोलून मोकळ्या झाल्या असत्या. म्हणून इथं लिहितो. मले तुमी आवडता. तुमी न वाचता काही लिहीत नाही, म्हणजे हे वाचालच. संक्रांतीपर्यंत फोनची वाट पाहीन. नाही आला तर समजेन की वाचलं आणि उत्तर नाही. पियुष.*

संक्रांतीपर्यंत! संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते. महिनाभर ते कार्ड माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात पडलं होतं, आणि तिकडे तो माझं "नाही" ऐकून बसला होता.

फोन पुढच्या टेबलावर होता. मी धावले, आणि मनगटाला हिसका बसून मागे स्टुलावर आदळले.

"आधी पट्टा काढ," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं!"

"तो दहा मिनिटं टंकत होता. दहा मिनिटं कुणी आवराआवर करतं का?"

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंस का?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि तुझ्या नावाची चिठ्ठी मी कशाला फोडू? पण महिना झाला गं. मलाच बघवेना."

मी पट्टा काढला, फोन घेतला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग पुन्हा टेबलाशी येऊन बसले. पट्टा पुन्हा बांधला. आधी आणखी एकदा वाचायचं बटण दाबलं. ती तीन मिनिटं संपता संपेनात. मग फोन लावला. वाजला, वाजला, वाजला... आता कापला जाणार, इतक्यात उचलला.

"हॅलो?"

"मी बोलतेय. कसब्यातून."

मागं कुठंतरी पंखा फिरत होता. मग हळूच, "संक्रांत झाली ना जी."

"परवा रथसप्तमी आहे," मी म्हटलं. मुद्दा मी सोडला नाही. "तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. म्हणजे संक्रांत अजून चालू आहे. तुमच्याकडे पंचांग नाही का?"

"मॅडम..."

"मी आज वाचलं. आत्ता. खणात होतं, मला काय माहीत! आणि नाही आला फोन तर समजेन म्हणे. समजेन काय? आधी विचारायचं, मग समजायचं!" आता मात्र मी रडायला लागले, भर दुकानात. "मी खोटं बोलले होते हो. सगळी जुळत होती. तुम्ही अजून थोडा वेळ बसावं म्हणून. मलाही तुम्ही आवडता. फार आवडता."

तिकडे पंखा बंद केल्याचा खटका वाजला.

"परत सांगा," तो म्हणाला.

"का?"

"दोनदा वाचायचं असते ना जी? जुळलं तर खरं."

मी डोळे पुसले आणि पाठ फिरवून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून बसले. मेलेल्या सतरा रेडिओंवर माझी स्क्रीन दिसत होती. उलटी, पण स्वच्छ. दोन्ही वाचनं जुळली होती. हिरवी पट्टी.

"तुम्ही मला फार आवडता," मी पुन्हा सांगितलं.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "गोरसपाक घेऊन. पट्टा नका बांधू."